गाडी उभी राहिली तर किती?

'हेवी ड्रायव्हर पाहिजे. ऑल इंडिया परमिट. पगार 30 ते 35 हजार. राहण्याची सोय.' असा कागद गडहिंग्लजमध्ये संकेश्वर रोडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसच्या काचेवर, गॅरेजच्या शटरवर, कधी उभ्या ट्रकच्या फाळक्यावरही चिकटवलेला दिसतो. व्हॉट्सॲपवर तर तो दिवसाआड फिरतो. नुकतंच हेवी लायसन्स हातात आलेल्या पोराला हा आकडा मोठा वाटतो, आणि त्यात नवल नाही. गावात राहून दुकानात, गॅरेजात किंवा एमआयडीसीत कंत्राटी कामावर एवढे पैसे मिळणं अवघड असतं. शिवाय लायसन्ससाठी त्यानं वाट पाहिलेली असते. हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जवळ असल्याशिवाय अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याला अर्ज करता येत नाही, आणि वयाची वीस वर्षं पुरी व्हावी लागतात. 2019 मध्ये आठवी पासची अट निघाली, तेव्हापासून शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलंही या धंद्याकडे वळू शकतात.

सहा महिन्यांनी त्याच पोराला घरी महिन्याला किती पोचतात असं विचारलं, तर उत्तर जाहिरातीच्या निम्म्याच्या आसपास येतं. लगेच आपण म्हणतो, मालकानं फसवलं. बहुतेक वेळा ते तसं नसतं. मालकानं चांगल्यातल्या चांगल्या महिन्याचा हिशोब कागदावर लिहिलेला असतो, आणि तसा महिना वर्षातून एखाद-दुसरा येतोही. कागदावर नसतं ते एवढंच, की गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचा तोटा कुणी सोसायचा. माझ्या मते पगारातली तफावत इथूनच सुरू होते. बाकीच्या कपाती तिच्यामागून येतात.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, मालकागणिक ते बदलतील, पण हिशोबाची तऱ्हा साधारण हीच असते. जाहिरात 32,000 ची. त्यात पक्का पगार 14,000, आणि खेपेमागे 3,000 प्रमाणे सहा खेपांचे 18,000. खेप म्हणजे गडहिंग्लज भागातून साखर भरून बंगळूरला उतरवायची आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं. जाण्यायेण्याचं अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास. जायला दोन दिवस, माल उतरवून परतीचा माल भरायला एक, यायला दोन. पाच दिवसांची खेप, महिन्यात सहा. कागदावर बरोबर जमतं. फक्त यात रविवार नाही, पाऊस नाही, गाडीचं काम नाही, आणि कुठं रांगही नाही.

मालाबरोबर जे ई-वे बिल लागतं, त्यात सरकारनं दर 200 किलोमीटरला एक दिवस मुदत दिली आहे. त्या मापानं बंगळूरच्या एकेरी वाटेलाच तीन दिवस होतात. ही मुदत कमाल आहे, तेवढा वेळ लागलाच पाहिजे असं नाही, पण रस्त्यावर दिवस कसे जातात याची कल्पना सरकारी कागदालाही आहे असं त्यावरून दिसतं. जाहिरातीच्या कागदाला ती नसते.

आता रांगेचं पाहू. 2018 च्या जूनपासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा ठरवून देतं. महिना संपत आला की व्यापाऱ्यांची उचल करायची घाई होते आणि गोदामापुढं गाड्या लागतात. गेटवर नंबर, रिकाम्या गाडीचा काटा, मग गोदामाच्या दाराशी पुन्हा नंबर. हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर असेल तर थांबायचं. टोळी जेवायला गेली की थांबायचं. पावसाची सर आली की पोती भिजतील म्हणून भरणी बंद, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सर कधी थांबेल ते कुणी सांगावं! भरणी झाली की भरल्या गाडीचा काटा, ताडपत्री, दोर, बिल्टी. सकाळी नऊला आत गेलेली गाडी रात्री बाहेर पडली तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा. पुढं बंगळूरच्या वेशीवर दिवसा अवजड वाहनांना नो एन्ट्री, म्हणून पुन्हा रात्रीपर्यंत कडेला. माल उतरला की यशवंतपूरच्या यार्डात परतीच्या भाड्याची वाट. भाडं कधी सायंकाळपर्यंत जमतं, कधी दोन दिवस जमत नाही. या साऱ्या वेळात ड्रायव्हरला गाडी सोडून जाता येत नाही. डिझेल चोरीला जाईल, बॅटरी जाईल, दोर कापला जाईल. तो कामावरच असतो, पण खेपेच्या हिशोबात तो वेळ कुठंच नाही.

पाच दिवसांची खेप अशी साडेसहा दिवसांवर जाते. महिन्यात चारच खेपा होतात. 32,000 चे 26,000 इथंच झाले, आणि अजून एक रुपयाही कुणी कापलेला नाही.

कधी कधी थांबणं दिवसांत मोजायचं नसतंच. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. हजारो ट्रक दोन्ही बाजूंना अडकले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. आसपासच्या गावांनी त्या ड्रायव्हरांना जेवू घातलं याचा आपल्या भागाला अभिमान आहे, आणि असावाही. पण ज्यांचा पगार खेपेवर होता त्यांचा तो आठवडा हिशोबात कुठं गेला, हे फारसं कुणी विचारलं नाही.

आता कपाती. खेप संपवून ड्रायव्हर आला की मालकापुढं वही उघडते. एका बाजूला निघताना दिलेली रोख, दुसऱ्या बाजूला खर्च: डिझेल, काटा, हमाली, पंक्चर, ग्रीस, पार्किंग, ताडपत्रीची शिवण. टोल आता फास्टॅगमधून परस्पर जातो, त्यामुळं कोगनोळी किंवा किणीच्या नाक्यावरचा वाद संपला. बाकीच्या ओळींवर मात्र वाद होतोच, आणि तो बहुतेक पावतीचा असतो. रात्री दोनला चित्रदुर्गच्या पुढं पंक्चर काढणारा पावती देत नाही. माल उतरवून घेणारा मुनशी 'चहापाणी' मागतो, त्याची पावती नाही. उतरणीच्या हमालांना वाराई द्यावी लागते, ती खरं तर माल घेणाऱ्यानं द्यायला हवी. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही मागणी कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. अडवणाऱ्याला दिलेल्या 'एन्ट्री'ची तर पावती असूच शकत नाही. मालक म्हणतो, पावती नाही तर मी कसं धरू? त्याच्या बाजूनं तेही खोटं नाही. मग खेपेमागं चारशे रुपये ड्रायव्हरच्या खिशातून गेले असं धरू. चार खेपांचे 1,600.

दुसरी कपात ॲव्हरेजची. मालकानं लिटरला 4 किलोमीटर ठरवलेत. अकराशे किलोमीटरला 275 लिटर पुरायला हवं. पण रांगेत इंजिन चालू ठेवावं लागलं, घाट आला, माल जरा जड होता, आणि गाडीनं 3.8 दिलं. म्हणजे साडेचौदा लिटर जास्त. डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरलं तर एका खेपेत सुमारे 1,300 रुपयांचा फरक. महिन्यात एकदाच असं झालं असं समजू.

मग जेवण. दोन जेवणं, नाष्टा, चहा, अंघोळीचे पैसे मिळून दिवसाला 350 धरले तर 26 दिवसांचे 9,100.

26,000 मधून 9,100, 1,600 आणि 1,300 वजा केले की उरतात 14,000. पक्का पगारही तेवढाच होता. म्हणजे या हिशोबात खेपेचे सगळे पैसे रस्त्यावरच संपले आणि घरी फक्त पक्का पगार पोचला. ड्रायव्हरच्या बायकोला विचाराल तर ती 32,000 चा आकडा सांगणारच नाही. तिला 14,000 माहीत असतात.

इथं कुणी म्हणेल, घरी असता तरी तो जेवला असताच की. बरोबर आहे. म्हणून जेवणाचे निम्मेच पैसे वाढीव धरू. मग त्याची खरी कमाई 18,550 होते. ती तासांवर वाटून पाहा. थांबण्याचा वेळ धरून दिवसाला 12 तास, 26 दिवस, म्हणजे 312 तास. तासाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. जाहिरात वाचणाऱ्याच्या मनात मात्र आठ तासांची नोकरी असते. 32,000 भागिले 208 तास, म्हणजे तासाला दीडशेच्या वर. 12 तास मी फुगवून धरलेले नाहीत. सेव्हलाईफ फाउंडेशन आणि महिंद्रा लॉजिस्टिक्स यांनी 2020 मध्ये देशातल्या दहा शहरांतल्या बाराशेहून जास्त ट्रक ड्रायव्हरांची पाहणी केली. त्यात रोजचं सरासरी काम 12 तासांच्या जवळपास निघालं, आणि 84 टक्के ड्रायव्हरांनी सांगितलं की हा धंदा आम्ही घरच्या माणसाला सुचवणार नाही.

जाहिरातीपेक्षा जास्त कमावणारे ड्रायव्हरही आहेत, ते सांगायला हवं. वाचलेलं डिझेल ज्याचं त्याचं असा करार असेल आणि हात हलका असेल, तर जुना ड्रायव्हर चांगले पैसे उरवतो. रस्ता, ढाबे, यार्डातले दलाल ओळखीचे असल्यानं त्याची गाडी रांगेतही कमी थांबते. पण ही कमाई कुठंच लिहिली जात नाही. बँकेत ती दाखवता येत नाही, आणि मालकाच्या मनात संशय आला की पहिली तीच तुटते. नव्या पोराला तर ती मिळतच नाही. त्याला सांगताना मात्र उदाहरण याच जुन्या ड्रायव्हरचं दिलं जातं.

कायद्यात याची सोय नाही असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 सालचा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, लांब पल्ल्याला फार तर दिवसाला दहा, आणि जादा तासांना दुप्पट दर. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपोआप सुटत असे, आणि आपल्याकडे ट्रकचा धंदा मुख्यतः अशाच छोट्या मालकांच्या हातात आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, 1961 चा कायदा त्यांतल्या एकीत विरला, आणि पाचाची अट दहावर गेली. कामाच्या तासांबाबतीत छोट्या मालकाकडचा ड्रायव्हर कायद्यापासून आणखी लांब गेला, असं मला यातून दिसतं. वेतन संहितेत मात्र एक कामाची गोष्ट आहे: पगाराची चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. आपल्याकडच्या किती ट्रक ड्रायव्हरांनी आयुष्यात पगाराची चिठ्ठी पाहिली असेल?

ही चिठ्ठी नसली की काय होतं ते अपघातानंतर कळतं. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रकच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची कामगार म्हणून भरपाई धरलेली असते. पण ती मोजायला पगार लागतो, आणि 2020 मध्ये या हिशोबासाठी महिन्याच्या पगाराची मर्यादा 15,000 ठरवली गेली. अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं तरी पहिला प्रश्न पुरावा काय हाच असतो. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं उत्पन्न धरतं. कागदावर 32,000 वाचून लाईनला, म्हणजे लांबच्या खेपांवर, गेलेला माणूस अपघातात गेला, तर त्याच्या घरच्यांना तो 32,000 कमवत होता हे सिद्ध करता येत नाही. जाहिरातीचा कागद पुरावा ठरत नाही, आणि रोखीनं दिलेल्या खेपेचा माग उरत नाही.

ही अडचण फक्त आपल्या रस्त्यांवरची नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला मैलामागं पैसे मिळतात, आणि केंद्राच्या ओव्हरटाईम कायद्यातून तो 1938 पासून वगळलेला आहे. गोदामाच्या दाराशी गेलेला वेळ तिथंही बहुतेक फुकट जातो. 2018 मध्ये अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी या थांबण्याचा अभ्यास केला. त्यात भाड्यानं माल नेणाऱ्या ड्रायव्हरांचं वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त उत्पन्न अशा थांबण्यात बुडतं असं निघालं. त्याहून गंभीर गोष्ट पुढं होती. सरासरी थांबण्याचा वेळ 15 मिनिटांनी वाढला की अपघातांचं प्रमाण 6.2 टक्क्यांनी वाढतं. रांगेत गेलेला वेळ ड्रायव्हर रस्त्यावर भरून काढायला बघतो. गोदामाच्या दाराशी झालेल्या उशिराची किंमत कात्रजच्या उतारावर, नवले पुलापाशी कुणीतरी तिसराच मोजतो.

गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची काही पोरं याच कारणानं आखाताकडे बघतात. तिथल्या जाहिरातीत पगार रियालमध्ये किंवा दिरहममध्ये असतो, 'जेवण-राहणं फ्री, ओव्हरटाईम वेगळा'. पण तिथं बहुतेक ठिकाणी स्थानिक लायसन्स काढावं लागतं. ते निघेपर्यंत पूर्ण पगार मिळणार की अर्धा, लायसन्सचा खर्च कुणाचा, हे इथंच विचारून घ्यावं लागतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते. त्यांचा करार ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदवलेला असायला हवा, आणि परवानाधारक एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. तिथं पोचल्यावर दुसऱ्याच कराराच्या कागदावर सही मागितली, तर पोर्टलवरची नोंद हाच एक आधार उरतो.

मालकाची बाजू मी टाळणार नाही, कारण गडहिंग्लजमधले बरेच मालक कालपर्यंत स्वतःच ड्रायव्हर होते. महिन्याचा हप्ता ठरलेला, विमा ठरलेला, टायर दरवर्षी महाग. भाडं मात्र दलाल ठरवतो, आणि त्याची पूर्ण रक्कम पोच पावती हातात आल्याशिवाय सुटत नाही. तूट निघाली तर तीही भाड्यातूनच जाते. या महिन्यात चार खेपा होतील की सहा, हे मालकालाही ठाऊक नसतं. त्याची अनिश्चितता तो खेपेच्या पगारातून ड्रायव्हरवर ढकलतो. जे त्याला वरून मिळतं तेच तो खाली देतो. आणि मग ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गाडी दारात उभी राहते, त्यात त्याचाच तोटा होतो. उसाच्या हंगामात तर लांबच्या लाईनचे ड्रायव्हर हमखास तुटतात. हरळीच्या कारखान्याला ऊस ओढला तर पैसे कमी मिळतील, पण रात्री घरी निजता येतं, आणि जेवणाचे साडेतीनशे वाचतात. आपण मांडलेल्या हिशोबात बसवून पाहिलं तर हा निर्णय आळसाचा नाही, चोख आहे.

जानेवारी 2024 मध्ये देशभरचे ट्रक ड्रायव्हर संपावर गेले, ते नव्या भारतीय न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाण्याच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. या दोन गोष्टींवर चर्चा झाली, बातम्या आल्या. पगाराच्या रचनेवर तसं काही झालेलं मला दिसलं नाही. एसी केबिनचं मी स्वागतच करतो, पण गोदामासमोरच्या चौदा तासांच्या रांगेत एसी लावून बसलेल्या ड्रायव्हरच्या डिझेलचा ॲव्हरेज कुणाच्या नावावर पडणार, ते आत्ताच ठरवून घ्यायला हवं.

सुधारणा कुठून सुरू करता येईल, याची एक जागा मला या हिशोबात दिसते. बऱ्याच ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर हॉल्टिंगची ओळ छापलेली असते: ठरल्या मुदतीत माल उतरवून घेतला नाही तर दिवसाला इतके रुपये. पुष्कळदा ती ओळ कोरीच राहते. पैसे वसूल झाले तर ते मालकाकडे थांबतात, ड्रायव्हरपर्यंत येत नाहीत. जाहिरातीत पगाराच्या आकड्याखाली एक ओळ वाढवायला मालकाला फारसा खर्च नाही: उभ्या गाडीचा रोजचा भत्ता इतका, आणि गेल्या सहा महिन्यांत या गाडीच्या सरासरी खेपा इतक्या. हॉल्टिंगमधला ठरावीक वाटा ड्रायव्हरचा असेल, तर रांगेत उशीर का झाला याचा वेळासकट लेखी पुरावा तोच गोळा करील, कारण गोदामाच्या दाराशी शेवटपर्यंत थांबलेला माणूस तोच असतो. मग ते पैसे वसूल करणं मालकालाही सोपं जाईल. आणि लाईनला जायला निघालेल्या पोरानं मालकाला पगार किती हे विचारून झालं, की लगेच दुसरा प्रश्न टाकावा: "मालक, गाडी उभी राहिली तर किती?" उत्तर तोंडी मिळालं तर ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावं, आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवून द्यावा.